वाकळ उबदार हवी, आणि ती एका दिवसात वाळायलाही हवी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही जांबोटीच्या बाजूला राहता. सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत, रात्री कधी कधी अंथरुणातच होतं, म्हणून पांघरूण आठवड्यातून दोन-तीनदा धुवावं लागतं. त्यांची सहा जुनी नऊवारी लुगडी ट्रंकेत आहेत, त्यातली दोन इरकली. त्याच लुगड्यांची वाकळ करून त्यांच्या अंगावर घालावी असं तुमच्या मनात आहे. आत काय घालायचं यावर तिघांनी तीन सल्ले दिलेत. नणंद म्हणते पिंजलेला कापूस, दुकानदार म्हणतो फायबर, शेजारीण म्हणते जुनं ब्लँकेट. घरी साडेसहा किलोचं, वरून कपडे घालायचं मशीन आहे. तर यातलं काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगावात शहापूरला २८ वर्षं वाकळा शिवते. आधी सासूबाईंकडून शिकले, मग शेजारच्या कन्नड अक्कांकडून. आम्ही वाकळ म्हणायचो, त्या कौदी म्हणायच्या, पुण्याकडची गिऱ्हाइकं गोधडी म्हणतात. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी मी आजवर बऱ्याच वाकळा केल्या, त्यातल्या काही चुकल्या. त्या चुकांवरून शिकलेलंच इथे लिहिते.

आधी एक गोष्ट. तुम्ही ‘उबदार आणि धुता येणारी’ असं विचारलंय, पण तुमची खरी अडचण वाळण्याची आहे. धुवायला काय, कुठलीही वाकळ धुता येते. मशीनमध्ये मावली नाही तर बादलीत तुडवता येते. पण ती वाळली पाहिजे. तुमच्याकडे मलप्रभा उगवते त्या कणकुंबीपासून जांबोटीपर्यंत जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत दोरीवरचा पंचासुद्धा नीट वाळत नाही. कोरड्या अथणी-रामदुर्गाकडची बाई मला सांगते, सकाळी धुतलेली वाकळ संध्याकाळी अंगावर घेतली. तीच वाकळ, तेवढ्याच थरांची, तुमच्या खानापूरच्या रानात तीन दिवस ओलसर राहते आणि चौथ्या दिवशी तिच्यावर काळे ठिपके पडतात. म्हणून साहित्य निवडताना मी आधी गिऱ्हाइकाला गाव विचारते, ऊब किती हवी ते नंतर.

उबेचं गणित तसं सोपं आहे. कापडात स्वतःची ऊब नसते. आत अडकलेली, न हलणारी हवा आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. म्हणून फुगीर, हलकी वस्तू उबदार असते आणि दाबून चपटी झालेली जड वस्तू तेवढी नसते. दोन पातळ पांघरुणं एकावर एक घेतली तर त्यांच्या मध्येही हवेचा थर राहतो, तो फुकटचा मिळतो. आणि आपल्याकडची थंडी तरी किती? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १३-१४ अंशांच्या आसपास येतो, एखाद्या रात्री आणखी खाली जातो. हिमाचलसारखी जाडजूड रजई आपल्याला लागतच नाही. आपल्याकडे त्रास होतो तो पावसाळ्यातल्या दमट गारठ्याचा, आणि ओलसर पांघरूण त्यात भरच घालतं.

आता काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. ही वाकळ सासूबाई अंगावर घेणार की खाली अंथरणार? आपल्याकडे एकच वाकळ दोन्हीला वापरतात, पण दोन्हीची गरज वेगळी. खाली जाड, भरीव सुती वाकळ चांगली, अंगाला टोचत नाही आणि घसरत नाही. वर मात्र हलकी हवी. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळताना तीन किलोचं पांघरूण स्वतःच्या हाताने सरकवता येत नाही. काहींना उलट अंगावर वजन असलं की झोप लागते, तेव्हा त्यांनाच विचारा. दुसरं, त्या शेगडीजवळ बसतात का? तिसरं, त्यांना घाम येतो का, कातडीला खाज सुटते का? तुम्ही ‘पांघरायला’ असं लिहिलंय, म्हणून मी पांघरूण धरूनच पुढे सांगते.

नणंदेचा सल्ला आधी घेते, कारण तो जुना आहे आणि एके काळी बरोबर होता. पिंजलेल्या कापसाची रजई उबदार असते यात वादच नाही. पण आपल्या आजी-पणजी ती रजई कधी धुवत नव्हत्या, हे लक्षात घ्या. त्या खोळ धुवायच्या. आतला कापूस उन्हात टाकायचा, काठीने झोडायचा, आणि दोन-तीन वर्षांनी गोळे झाले की कापूस पिंजणारे नदाफ यायचे. कमानीच्या तातीचा तो टणत्कार अख्ख्या गल्लीत ऐकू यायचा. कापूस उसवायचा, पिंजायचा, पुन्हा भरायचा. म्हणजे धुण्याच्या जागी पिंजणं होतं. आता कमान जवळपास गेली, मशीनवर पिंजून मिळतं, पण कापसाचा स्वभाव तोच आहे. सुटा कापूस पाण्यात गेला की जागा सोडतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो.

मी स्वतः हे केलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका बाळंतिणीसाठी दोन किलो कापसाची रजई शिवली, टाके चार-चार बोटांवर घातले, आणि ‘बिनधास्त धुवा’ असं तोंडाने सांगितलं. महिन्याभरात ती परत आली. उजेडासमोर धरली तर मधोमध नुसतं कापड, आरपार दिसत होतं, आणि कडेला नारळाएवढाले गोळे. एक गोळा फोडला तर आतून ओला, कुबट वास. त्या बाईला मी नवी रजई करून दिली. तेव्हापासून जे पाण्यात जाणार आहे त्यात सुटा कापूस घालत नाही. सावरीचा कापूसही तसाच. उशीला छान, पाण्याला नाही. तेव्हा नणंदेला सांगा, कापूस घालायचा तर आतली रजई कधी धुवायची नाही या बोलीवर. तुमच्या घरी ती बोली चालणार नाही.

दुसरी जुनी रीत म्हणजे नुसत्या लुगड्यांचे थर. ही आपली खरी वाकळ. यात सरकायला काहीच नसतं, म्हणून धुण्याला ती सगळ्यात भक्कम. पण वजन बघा. एकट्या माणसाची वाकळ पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजे साडेतीन चौरस मीटर. माझ्या काट्यावर जुनं सुती नऊवारी ८००-९०० ग्रॅम भरतं आणि त्यातून या मापाचे अडीच थर निघतात, विरलेला भाग काढला तर दोनच. जुन्या पद्धतीची दहा थरांची वाकळ म्हणजे चार-पाच लुगडी, तीन-साडेतीन किलो कोरडं वजन. सुती कापड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी सहज धरतं. म्हणजे भिजली की नऊ-दहा किलो. ती उचलणार कोण, पिळणार कोण? दोन बायकांनी दोन टोकं धरून पीळ घातला की टाके तटातट तुटतात, हे मी विहिरीवर उभी राहून पाहिलंय. तुमच्या मशीनमध्ये ती फिरणार नाही, आणि फिरली तरी मधले थर कोरडे व्हायला जांबोटीत आठवडा लागेल.

पण हीच वाकळ चार थरांची केली तर? सव्वा-दीड किलो. मशीनमध्ये जाते, पिळून निघते, कोरड्या हवेत एका उन्हात वाळते. ऊब मात्र नोव्हेंबरपुरती, जानेवारीच्या पहाटेला ती एकटी पुरणार नाही. हे डोक्यात ठेवा, पुन्हा त्याकडे येते.

आता फायबर. दुकानात ज्याला फायबर किंवा रेक्रॉन म्हणतात ते पॉलिएस्टरचे बारीक तंतू. आतून पोकळ तंतूही मिळतात, ते जास्त फुगतात. ते दोन प्रकारांत येतं, आणि दुकानदाराने तुम्हाला कुठलं दाखवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. सुटं, उशीत भरतात तसं, ते घेऊ नका, त्याचे कापसासारखेच गोळे होतात. तुम्हाला हवी ती शीट, तंतू एकमेकांना चिकटवून गादीसारखी लाटलेली. पॉलिएस्टर पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल, पाणी तंतूंच्या मध्ये राहतं आणि मशीनने पिळलं की निघून जातं. म्हणून ते पावसाळ्यातही पंख्याखाली वाळतं. हेच त्याचं मोल. ‘कापूसच खरा, फायबर म्हणजे नकली’ असं ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण असं म्हणणाऱ्याला रात्री दोन वाजता ओलं पांघरूण बदलावं लागलेलं नसतं.

शीट मागताना ‘जाड द्या, पातळ द्या’ असं मागू नका, जीएसएम विचारा. म्हणजे एक चौरस मीटर शीटचं वजन ग्रॅममध्ये. आपल्या हवेला १५० पुरतं. म्हाताऱ्या माणसाला थंडी जास्त वाजते, त्यांच्यासाठी मी २०० घेते. ३००-४०० घेऊ नका. जीएसएम खरा आहे का हे बघायचं तर अर्ध्या मीटरचा चौकोन कापून घरच्या काट्यावर ठेवा. २०० ची शीट असेल तर ५० ग्रॅमच्या जवळपास भरायला हवा. मग तोच तुकडा दोन हातांत धरून हलकेच ओढा. चांगली शीट ताणते आणि परत येते. हलकी शीट लगेच थरांत सुटते, मध्ये भोकं पडतात, ती पाचव्या धुण्याला गोळा होणार.

वजन मोजा. २०० ची शीट साडेतीन चौरस मीटर म्हणजे ७०० ग्रॅम, वर-खाली सुती कापड मिळून साधारण पाऊण किलो. दीड किलोत पांघरूण तयार. दहा थरी वाकळेच्या निम्म्याहून कमी वजन, आणि ऊब तेवढी किंवा थोडी जास्तच.

फायबरची खोटही सांगते. ते घाम शोषत नाही, म्हणून वर कापड सुतीच हवं, सॅटिन किंवा चकचकीत कापड नको. एप्रिल-मेमध्ये ते नकोसं होतं, तेव्हा काढून ठेवायचं. आणि विस्तवाजवळ नेऊ नका. पॉलिएस्टर वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. सुती वाकळही विस्तवाला सुरक्षित नाही, आत ठिणगी गेली की ती धूर न दाखवता तासन्‌तास धुमसते. निपाणीकडच्या एका आजोबांसाठी त्यांच्या सुनेने मला ‘विडी पडली तरी जळणार नाही असं काही शिवा’ म्हणून सांगितलं होतं. असं काही मला शिवता येत नाही, विडी अंथरुणाबाहेर ओढायची एवढाच उपाय, असं मी तिला सरळ सांगितलं. सासूबाई शेगडीपाशी बसत असतील तर तिथे अंगावर घोंगडी घेऊ द्या. लोकर सहज पेट घेत नाही, आणि ओलसर झाली तरी ऊब देते. पण घोंगडीला वाकळेच्या आत घालू नका, मशीनमध्ये फिरली की ती आटते आणि तिचा नमदा होतो.

शेजारणीचं ब्लँकेट. कुठलं ब्लँकेट यावर सगळं आहे. ते फ्लीसचं असेल, म्हणजे मऊ, हलकं, बनियनसारखं ताणणारं, तर तिचा सल्ला चांगला आहे. फ्लीस आत घातलं तर सरकत नाही, गोळे होत नाहीत, टाके लांब-लांब असले तरी चालतं आणि वाळतं फायबरइतकंच लवकर. ऊब शीटपेक्षा थोडी कमी. घरात धड फ्लीस पडून असेल तर शीट विकत घेऊच नका. पण जुन्या चिंध्यांच्या लोकरीचं खरखरीत कांबळं असेल तर नको, ओलं झालं की वास मारतं आणि आटतं. सोलापुरी चादर आत घालू नका, जड होते. ती खाली अंथरायला ठेवा.

आता माझा निर्णय सांगते. एक जाड वाकळ करू नका. दोन पातळ करा.

पहिली, फायबरची, १५० किंवा २०० ची शीट, दोन्ही बाजूंनी नवं सुती कापड, आणि वर काढता येणारी खोळ. खोळी दोन शिवा. ही रात्रीची, पावसाळ्यातली, सारखी धुवायची. थोडंच ओलं झालं असेल तर नुसती खोळ धुवून भागतं. दुसरी, लुगड्यांची, चार थरांची, हाताने शिवलेली. ही ऑक्टोबर ते मे, दुपारी झोपताना, कुणी भेटायला आलं की मांडीवर. कडाक्याच्या थंडीत फायबरवर ती अंथरा, खोळीचं वजन सोडलं तर दोन्ही मिळून तीन किलोच्या आत राहतील आणि जानेवारीच्या पहाटेलाही पुरतील. एक धुण्यात असली तर दुसरी अंगावर असतेच.

लुगड्यांची खोळ करावी असं तुमच्या मनात येईल, बऱ्याच जणींच्या येतं. करू नका. खोळ सगळ्यात जास्त धुतली जाते, तिला ओढ बसते, आणि चाळीस वर्षं नेसलेलं लुगडं आठवड्यातून तीनदा मशीनमध्ये फिरलं तर सहा महिन्यांत त्याच्या चिंध्या होतील. वाकळेत तेच लुगडं टिकतं, कारण चार थर बारीक टाक्यांनी बांधले की ओढ एकट्यावर येत नाही. तुमच्या सासूबाईंची लुगडी आहेत, ती उरली पाहिजेत.

लुगडं घ्यायच्या आधी पारखायचं कसं ते सांगते. खिडकीत उभं राहून ते उजेडासमोर धरा आणि हात-हात सरकवत जा. बसायच्या जागी आणि टाचेपाशी विरलेलं असतं, तिथे उजेड चाळणीतून आल्यासारखा येतो. मग दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी ठेवून कापड उभं-आडवं ताणा. धड कापड अंगठ्यांना विरोध करतं. गेलेलं कापड बारीक कुरकुरतं आणि फाटायच्या आधीच अंगठ्याखाली मऊ पडतं. तो भाग कापून टाका, आत घालायचाही मोह नको. बरा पण पातळ भाग मधल्या दोन थरांना, धड भाग वर-खाली.

इरकली लुगड्यांची वेगळी काळजी घ्या. इरकलीचं अंग बहुधा सुती असतं आणि पदर रेशमी किंवा नकली रेशमाचा. विणताना अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा एकमेकांत अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. जुनं इरकल फाटतं ते बहुतेक त्या जोडापाशीच. शिवाय पाण्यात अंग आणि पदर सारखे आटत नाहीत, म्हणून जोड आत आला तर वाकळ तिथे चुण्या धरते. मी जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून कापते आणि पदर, काठ वेगळे ठेवते. काठ घट्ट विणलेला असतो, तो वाकळेच्या कडेला पट्टी म्हणून लावला की कड वर्षानुवर्षं उसवत नाही. पदर वरून तुकड्यासारखा बसवा, चारही बाजू आत दुमडून. हळियाळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका वाकळेच्या चारही कोपऱ्यांवर घडीचे रंगीत तुकडे शिवतात, त्याला फुला म्हणतात. कोपरा सगळ्यात आधी झिजतो, म्हणून नुसती शोभा नव्हे, कामाचीही गोष्ट आहे. पदराचे उरलेले तुकडे तिथे लागतील.

लाल आणि गडद रंग सुटतो का ते आधी बघा. पांढऱ्या फडक्याचा ओला बोळा लुगड्याच्या कोपऱ्यावर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर ते लुगडं दोन-तीनदा वेगळं धुवा, पुन्हा बघा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. मी अनेकदा केलं, सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. तिसऱ्या धुण्यानंतरही सुटत असेल तर ते लुगडं या वाकळेत नको.

फायबरच्या पांघरुणाला नवं कापड घ्याल ते घट्ट विणीचं हवं, कॅम्ब्रिक किंवा पॉपलीन. मलमल मऊ असते म्हणून बायका तीच घेतात, पण तिच्या विणीतून फायबरचे तंतू बाहेर येतात आणि कापडावर पांढरी लव धरते. खालच्या बाजूला मांजरपाट चालेल, पण शिवायच्या आधी दोनदा धुतलेला, कारण कोरा मांजरपाट चांगलाच आटतो. खरं तर कुठलंही नवं सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच बेता. न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात ते आटतं, शीट आटत नाही, आणि पांघरूण कणकेसारखं फुगून बसतं.

सुती म्हणून घेतलेलं कापड सुतीच आहे का, हेही बघा. मला एकदा मोठ्या दुकानातून ‘प्युअर कॉटन’ म्हणून आलेला अख्खा तागा मिसळीचा निघाला होता. दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि मेणबत्तीला लावा. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा, राख बोटाने चुरडली तर मऊ. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतं. मिसळीत दोन्ही दिसतं.

टाक्यांबद्दल थोडक्यात. लुगड्याची वाकळ सुती दोऱ्यानेच शिवा. पॉलिएस्टर दोरा कापडापेक्षा बळकट असतो, आणि माझ्या अनुभवात तो जुनं कापड कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड कापलं गेलं तर काही करता येत नाही. थर अंथरल्यावर आधी मध्यापासून कडेकडे कच्चा दोरा घाला, चुण्या बाहेर ढकलत. मग धावदोऱ्याच्या ओळी कडेपासून आत, एका बोटाच्या अंतराने, फार तर दोन बोटं. फायबरच्या पांघरुणाला मशीनची शिलाई चालते, चार-चार इंचांवर उभ्या-आडव्या ओळी. दुकानदार ‘नुसती कड मारून देतो’ म्हणाला तर ऐकू नका, शीट कितीही चांगली असली तरी मधून ती सुटते. आणि फार जवळ-जवळ ओळी मारून शीट चपटी करू नका, ऊब त्या फुगीरपणातच आहे.

धुण्याचं तुमच्या बाबतीत महत्त्वाचं. लघवी झालेली खोळ आधी थंड पाण्यातून काढा, लगेच. सकाळपर्यंत तशीच गुंडाळून ठेवली की वास धरतो. वास जावा म्हणून ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की विषारी वायू निघतो, बंद न्हाणीत तो तुमच्याच छातीत जाईल. पाण्यातून काढून मग साबण, तोही निम्माच. जास्त साबण आत राहिला की पांघरूण कडक होतं आणि सासूबाईंच्या कातडीला खाज सुटेल. एक खळबळणं जास्त द्या. तुमच्या मशीनमध्ये दीड किलोचं पांघरूण एकटंच टाकलं तर पिळताना एका बाजूला जाऊन ड्रम आपटतो. ते गोल गुंडाळून टाका आणि समोरच्या बाजूला दोन टॉवेल घाला. लुगड्याची वाकळ पीळ घालून पिळू नका, जाळीवर ठेवून तळहाताने दाबून पाणी काढा, किंवा मशीनमध्ये थोडा वेळच फिरवा.

वाळत घालताना एका दोरीवर दुमडून टाकली तर मधली घडी वाळतच नाही. दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधा आणि तंबूसारखी पसरा, खालून हवा गेली पाहिजे. पावसात पडवीत पंखा लावा, अर्ध्या दिवसाने उलटी करा. चुलीवरच्या वळणीवर फायबरचं काही टाकू नका. वाळलं की नाही हे हाताला कळत नाही, हात फसवतो. वाकळेच्या मधोमध गाल टेकवा. गार लागलं तर आत अजून ओल आहे. गालाला गार लागत नाही तोवर घडी घालायची नाही, पेटीत ठेवायची नाही.

आणि अंगाखाली रबर शीट, तिच्यावर सुती चादर, हे तुम्ही करत असालच. नसाल तर आधी ते करा, खालची गादी तरी कोरडी राहील.

पुन्हा एकदा थोडक्यात लिहिते, ट्रंक उघडून बसाल तेव्हा समोर असू द्या. सुटा कापूस नाही. २०० ची शीट किंवा घरातलं धड फ्लीस, वर घट्ट विणीचं आधी धुतलेलं सुती कापड, दोन खोळी. लुगड्यांची वेगळी चार थरांची वाकळ. तिला वापरायजोगी दोन लुगडी पुरतील, म्हणजे सहांत दोन वाकळा होऊन वर दोन शिल्लक राहतील. ती तशीच ठेवा. पुढे जिथे झिजेल तिथे त्याच जुन्या कापडाचं ठिगळ लागतं, नव्याचं ठिगळ जुन्या वाकळेला ओढून फाडतं. हाताने शिवायला रोज दुपारी दोन तास बसलात तर एका वाकळेला महिना धरा. आधी फायबरचं करा, ते चार दिवसांत होतं आणि त्याचीच घाई आहे.

इरकलीचा काठ डोक्याकडच्या कडेला लावा आणि पायाकडे साधी पट्टी. पायाकडची बाजू कधी तोंडाकडे जाऊ नये यासाठी मी ही खूण सगळ्याच आजारी माणसांच्या वाकळेला करते. अंधारात दिवा न लावता बोटांना काठ लागतो. सासूबाईंनी तो काठ चाळीस वर्षं रोज निऱ्या घालताना हाताळलाय, त्यांना तो लगेच सापडेल.